तिकिटाचं पाणी

कुणी परदेशी निघालं की ती बातमी आमच्या सोसायटीत सगळ्यात आधी काकांना लागायची. मग ते त्या माणसाला लिफ्टपाशी गाठायचे. बाकीची म्हातारी माणसं चॉकलेटं सांगतात, गुडघेदुखीचं मलम सांगतात. काका तलाव सांगायचे. "सिडनीला चाललास ना? तिथं समुद्राच्या काठाला खडकात बांधलेला पोहायचा तलाव आहे. लाटा भिंतीवरून आत उड्या मारतात. जाऊन ये. माझ्या नावानं एक डुबकी मार." तो माणूस परत आला की त्याच्या बॅगा वर जायच्या आत काकांची उलटतपासणी सुरू. पाणी कसं होतं? तळ दिसत होता का? आणि शेवटचा प्रश्न ठरलेला, "आत शिरताना काय काय विचारलं?"

चौथ्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा सिडनीला सहा महिने राहिला आणि तलाव न बघताच परत आला. काका पुढे कितीतरी दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. "सहा महिने तिथं जेवला आणि झोपला," ते मला म्हणाले. "एवढ्यासाठी विमान कशाला लागतंय?"

मी चिखलीच्या त्या सोसायटीत काकांच्या समोरच्या दारात राहायचे. चाकणच्या एका कंपनीत स्टोअर्समध्ये नोकरी, सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये भाजून घरी. माणसांशी गोड बोलायची ताकद माझ्यात फारशी उरायची नाही, आणि काकांना गोड बोलणारी माणसं मुळात आवडायची नाहीत, त्यामुळे आमचं जमलं. ते पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी भट्टीसमोर गेली. दारात भेटले की ते जय भीम म्हणायचे, मी नमस्कार म्हणायचे, दोघांचंही त्यात भागायचं.

काकांच्या मोबाइलमध्ये जगातले तलाव भरलेले होते. त्यांच्या लेखी तलावांचे दोनच प्रकार, जायच्या लायकीचे आणि नुसते बघायचे. सिंगापूरला एका हॉटेलच्या गच्चीवर लांबलचक तलाव आहे, पोहणारा माणूस शहरावर तरंगतोय असं वाटतं. त्याचा व्हिडिओ सोसायटीतल्या सगळ्यांनी एकमेकांना पाठवला होता. काकांनी तो एकदा बघितला आणि फोन पालथा ठेवला. "खोली घेतली तरच उतरू देतात," ते म्हणाले. लंडनमध्ये दोन उंच इमारतींच्या मधे अधांतरी बांधलेला आरपार तलाव आहे. तोही नापास. "तिथं राहणाऱ्यांसाठी आहे म्हणे. मग आपण काय, खालून लोकांचे तळपाय बघायचे?"

पास झालेल्यांत आइसलँडचा नंबर वर होता. तिथे लहान लहान गावांतही गरम पाण्याचा तलाव असतो. बाहेर बर्फ पडत असतो आणि गावचा पुढारी आणि कचरा उचलणारा एकाच हौदात गळ्यापर्यंत बसून गप्पा मारतात. मुख्य म्हणजे पाण्यात उतरायच्या आधी सगळ्यांनी सगळे कपडे काढून साबणाने अंघोळ करायची. "सगळ्यांनी," काका बोट उंचावून सांगायचे. "साहेब असो नाहीतर कोण असो. आधी साबण, मग पाणी." हे ऐकलं की काकू "शी, बाई!" म्हणून तोंड फिरवायच्या. त्यांना तोंड एकाच बाजूला फिरवता यायचं.

काकूंना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्यांना या घरात येऊन फार दिवस झाले नव्हते. डावी बाजू गेली. पुढे जीभ सुधारली, हात थोडाफार वळायला लागला, पाय मात्र लाकडासारखा राहिला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एकदा सांगितलं, यांना पाण्यात उभं करा, पाण्यात अंगाचा भार कमी होतो, तिथे पाऊल उचललं गेलं तर जमिनीवरही आशा आहे. एवढं ऐकल्यावर काकांसारख्या माणसाचं काय होणार! त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला, काकूंना पाण्यात उतरवायचं. महापालिकेच्या तलावावर त्यांनी चौकशी केली. पण बायकांच्या वेळेत काकांना आत जाता येत नव्हतं, पुरुषांच्या वेळेत काकूंना, आणि पाण्यात उतरायला उभी शिडी. एकट्या काकूंना तिथे कोण धरणार? काकांना त्या नियमाचा रागही आला नाही. "सगळ्यांना सारखा आहे ना, मग त्याला काय बोलायचं," म्हणाले आणि परत आले.

आणि इकडे आमच्या खिडकीखाली सोसायटीचा स्वतःचा स्विमिंग पूल होता. निळ्या फरश्या, एका टोकाला रुंद पायऱ्या, पायऱ्यांना स्टीलचा कठडा. हंगेरीत बुडापेस्टला गरम झऱ्यांवर बांधलेले जुने तलाव आहेत. म्हातारे छातीपर्यंत पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळतात, सांधे धरलेली माणसं कठड्याला धरून एकेक पायरी उतरतात. काका काकूंना तो व्हिडिओ रोज दाखवायचे. "आपल्या पायऱ्या अगदी अशाच आहेत बघ. आधी खाली पाय हलव, मग तुला तिकडं नेतो." काकू हसायच्या. "हंगेरी राहू द्या. खालीच न्या आधी."

फरक एवढाच होता की आमच्या पूलमध्ये पाणी नव्हतं.

पाणी फक्त बिल्डरच्या जाहिरातीत होतं. निळंशार पाणी, काठावर छत्री, छत्रीखाली सरबत पिणारी गोरी बाई. काकांनी फंडाचे सगळे पैसे त्या चित्रावर लावले होते. आम्ही राहायला आलो तर प्यायचं पाणी दिवसाआड, वापरायचं टँकरचं. दरवर्षीच्या सभेत काका उभे राहून विचारायचे, पूल भरायचं काय ठरलं? आणि आमचे अध्यक्ष म्हणायचे, बघू. अध्यक्ष गावातलेच, सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे तिचे जुने मालक. माणूस गोड. "काका, मानसांना प्यायला पुरत न्हाई, पवायला कुठनं आणू? बघू की." त्यात खोटं काही वाटायचं नाही, म्हणून विषय तिथेच संपायचा.

मग काका त्या रिकाम्या पूलमध्येच राहायला लागले म्हणा ना. संध्याकाळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन पायऱ्या उतरायचे आणि खोल बाजूला, 'येथे उडी मारू नये' अशा पाटीखाली बसून पेपर वाचायचे. मेच्या सुट्टीत त्यांनी तिथे पोहण्याचा वर्ग काढला. पोरांना स्टुलावर पालथं पाडायचं आणि हातपाय मारायला लावायचे. "खेच, सोड. तोंड वर. श्वास घे. खेच, सोड." कोरड्या निळ्या हौदात पाच-सहा पोरं स्टुलांवर बेडकांसारखी हातपाय झाडतायत आणि मधे काका शिट्टी घेऊन फिरतायत. बाल्कन्यांतून बायका हसून लोळायच्या. एकीने वरून विचारलं, "काका, पाण्याशिवाय पोहणं कसं येणार हो?" काका तितक्याच जोरात ओरडले, "पाणी येईल तेव्हा यांना उशीर नको व्हायला!"

मलाही ते वेडच वाटायचं. एका रविवारी मी चहाचे दोन कप घेऊन खाली गेले आणि त्यांना विचारलं, हे स्टुलावरचं पोहणं तुम्हाला कुणी शिकवलं? काकांनी पेपरची घडी घातली. त्यांचं गाव मराठवाड्यातलं. पिंपरीत जन्म गेला तरी मनातलं बोलताना गावाकडची बोली यायची.

"आमच्या गावाला बारव होती. मोठी, दगडी पायऱ्यांची. उन्हाळ्यात गावातली पोरं दिवसभर उड्या मारायची. आम्ही आपलं वरून बघायलो. पाय जरी भिजवला तरी बोंब व्हायची. मग मी काय करायचो, घरी येऊन बाजेवर पालथा पडायचो आणि तसेच हात मारायचो. माय म्हणायची, लेकराला काय झालं?"

मी माझा कप खाली फरशीवर ठेवला.

"इकडं कारखान्यात लागलो. भट्टीवर अंग नुसतं उकडून निघायचं. एकजण म्हणाला, चल, महापालिकेच्या तलावावर. गेलो. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, किती? बस. कुठला, कुणाचा, काही नाही. किती, एवढंच. मी म्हणालो, एक." काकांनी एक बोट वर केलं आणि ते तसंच ठेवलं. "तिकीट हातात घेऊन मी उभाच, पोरी. मागचे लोक ओरडायले, चला की ओ. आणि पाण्यात पडलो तर थेट पोहायलाच लागलो. म्हणून सांगतो, पाण्याला तिकीट असावं. तिकिटाला जात नसती."

तेव्हा मला त्यांच्या त्या शेवटच्या प्रश्नाचा उलगडा झाला. सिंगापूर का नापास आणि आइसलँड का पास, तेही कळलं. हा माणूस सबंध जगातलं पाणी त्या एका खिडकीतून बघत होता.

कोरोनाच्या साथीत नदीवरचे घाट बंद होते. गणपतीचं विसर्जन सोसायटीतच करायचं ठरलं आणि त्यासाठी आमचा पूल पहिल्यांदा भरला. लोकांना ते सोयीचं वाटलं. ना गर्दी, ना रांग, लिफ्टने खाली आलं की विसर्जन. मग दरवर्षी तेच सुरू झालं. अनंत चतुर्दशीला सकाळी टँकर यायचे, संध्याकाळी मूर्ती पाण्यात जायच्या, दोन दिवसांनी शाडूचा गाळ काढून पूल पुन्हा कोरडा. काका वर्गणी आनंदाने द्यायचे, मांडवात बसायचे, मोदक खायचे. पहिल्या वर्षी ते काठावर उभे राहून नुसतं पाण्याकडे बघत होते. दुसऱ्या वर्षी त्यांनी बेत केला.

बेत साधा होता. सकाळी पूल भरतो, विसर्जन संध्याकाळी. मधल्या वेळात पाणी रिकामंच असतं. आदल्या दिवशी काकांनी स्वतः झाडू आणि पावडर घेऊन सगळ्या फरश्या घासून काढल्या. मांडवात जाऊन अध्यक्षांना विचारलं, उद्या दुपारी हिला जरा पाण्यात उतरवू का? अध्यक्ष आरास बघत होते. ते म्हणाले, "बघू की, काका."

जन्मभर सुपरवायझरच्या हाताखाली काम केलेल्या माणसाला 'बघू'चा अर्थ माहीत नसेल? सुट्टी मागितली, बघू. बढती मागितली, बघू. काकांना तो पक्का माहीत होता. पण त्या दिवशी त्यांनी त्याचा अर्थ हो असा घेतला. मला येऊन म्हणाले, "हो म्हणाले गं." त्यांचा चेहरा बघून मला दुसरं काही विचारावंसं वाटलं नाही.

दुपारी जेवणं होऊन सगळे घरोघरी आडवे झाले होते. मी आणि काकांनी काकूंना गाऊन घालून, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. काकांनी पोहण्याची जुनी रबरी टोपी घातली होती. ती त्यांना घट्ट व्हायची, कपाळावर आठ्या पडायच्या. पाणी टँकरचं, जरासं गढूळ, पण ऊन पडलं होतं आणि ते निळं दिसत होतं. एका बाजूने काका, दुसऱ्या बाजूने मी, असं आम्ही काकूंना पहिल्या पायरीवर उतरवलं. मग दुसरीवर. पाणी गुडघ्याला लागलं तशा त्या किंचाळल्या आणि मग हसायलाच लागल्या. कमरेइतक्या पाण्यात आम्ही त्यांना उभं केलं. कितीतरी दिवसांनी त्या बाई उभ्या होत्या.

"हलव," काका म्हणाले. "पाय हलव."

काकूंनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "हलला."

"हलला! पोरी, बघितलंस?" मी हो म्हणाले. पाण्यात सगळंच हलल्यासारखं दिसतं हे मला कळतं. पण मला अंगठा वळलेला दिसला होता, आणि आजही मी तेच सांगेन.

तेवढ्यात वरून कुणीतरी "अहो, हे काय चाललंय?" असं ओरडलं. बघता बघता पूलभोवती माणसं जमली. अध्यक्ष बनियनवरच धावत आले. "काका, काय केलंत हे? बाप्पाचं पानी हाय ते."

"बाप्पा अजून यायचेत की," काका म्हणाले. त्यांचे दोन्ही हात काकूंच्या काखेत होते. "काल तुम्हाला विचारलं होतं."

"आमचं काय न्हाई ओ. पण लोकांच्या भावना असत्यात."

एक बाई म्हणाल्या, आजारी माणूस आहे, स्वच्छतेचा प्रश्न येतो. दुसरे एक म्हणाले, आमचं तसं काहीच नाही, कृपया गैरसमज करून घेऊ नका. कसला गैरसमज, हे कुणी बोललं नाही. तो शब्द कुणी तोंडातून काढला नाही, इतकी सभ्य माणसं. मी म्हटलं, सकाळी टँकरचा माणूस चिखलाच्या पायांनी आत उतरून पाइप लावून गेला तेव्हा तुमच्या भावना कुठे होत्या? "मॅडम, तुम्ही यात पडू नका," एवढंच उत्तर आलं.

मग कुणीतरी तोडगा काढला. पाणी बदलू. मोटर लावली, पाइप गेटबाहेरच्या गटारात सोडला, आणि अध्यक्षांनी फोन करून टँकर मागवले. ज्या टँकरसाठी काका वर्षानुवर्षं सभेत उभे राहत होते ते टँकर तासाभरात दारात येऊन उभे राहिले. मला त्या दुपारचा संताप आजही येतो, आणि तो सगळ्यात जास्त त्या टँकरांमुळे येतो. पाणी होतं. ते नेहमीच मिळण्यासारखं होतं.

मोटर सुरू झाली तेव्हा आम्ही काकूंना वर काढत होतो. काका थांबले आणि अध्यक्षांना म्हणाले, "साहेब, हे पाणी तर तुम्ही टाकूनच द्यायलाव. खाली होईस्तोवर तरी बसू द्या तिला."

अध्यक्षांनी इकडेतिकडे बघितलं. "नको काका," ते म्हणाले. "बरं दिसत न्हाई."

काकू ओल्या गाऊनमध्ये खुर्चीत कुडकुडत होत्या. त्यांच्या अंगावर टाकायला मी माझी ओढणी दिली. काकांनी टोपी काढली, पिळली आणि खिशात ठेवली. संध्याकाळी खाली ढोल वाजत होते, तेव्हा काकू मला म्हणाल्या, "यांना सांग, हंगेरी राहू द्या आता."

त्यानंतर त्या खाली उतरल्या नाहीत. व्यायामाच्या बाई यायच्या, पण काकू पाय उचलायचा प्रयत्नच करेनात. म्हणायच्या, हलला होता, तेवढा पुरे. पुढचा गणपती यायच्या आत त्या गेल्या.

काकांचे व्हिडिओ थांबले. संध्याकाळची खुर्ची थांबली. सुट्टीत पोरं स्टुलं घेऊन खाली वाट बघत बसली आणि आपापल्या घरी गेली. कुणी परदेशी निघालं तरी काका लिफ्टपाशी दिसायचे नाहीत. तो चौथ्या मजल्यावरचा मुलगा कंपनीच्या कामाने युरोपात गेला तेव्हा सिडनीची भरपाई म्हणून मुद्दाम बुडापेस्टला जाऊन आला. फोटो घेऊन त्याने काकांची बेल वाजवली. मी माझ्या दारात उभी होते. "काका, तिथे गेलो. तुमच्या नावाने डुबकी मारली." काकांनी फोटो बघितले नाहीत. विचारलं, "आत शिरताना काय विचारलं?"

"काही नाही. किती तिकिटं, एवढंच."

"बरं झालं," काका म्हणाले आणि त्यांनी दार हळूच लावून घेतलं.

दोन उन्हाळ्यांनंतर आमच्या भागात नवीन पाइपलाइन आली. पूल चालू असला तर फ्लॅटला भाव चांगला येतो हे कुणीतरी सभेत मांडलं आणि ठराव एकमताने पास झाला. फरश्या चकाचक झाल्या, नवा फिल्टर बसला. पूल पाण्याने काठोकाठ भरला. उद्घाटनाला रिबन कुणी कापायची? अध्यक्ष स्वतः काकांच्या दारात आले. माणूस वाईट नव्हता, त्यालाही काहीतरी टोचत असणार. "काका, तुमीच कापायची. तुमच्याइतकं या पूलसाठी कोन भांडलंय?"

काका येतील असं मला वाटलं नव्हतं. पण रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी कात्री पुढे केली. काकांनी ती घेतली नाही. शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं आणि ते चारी बाजूंना बघू लागले, जणू तिथे कुठेतरी एखादी खिडकी असेल.

"तिकीट कुठं मिळतं?" त्यांनी विचारलं.

सगळे हसले. काका जुने विनोद पुन्हा करायला लागले, याचं लोकांना बरंच वाटलं. अध्यक्ष त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तिकीट कसलं काका? आपलाच पूल हाय!"

"आपला म्हणताय," काका म्हणाले, "म्हणूनच विचारलं."

त्यांनी पाकीट खिशात ठेवलं आणि ते लिफ्टकडे वळले. मग कुणीतरी रिबन कापली आणि पोरांनी धडाधड उड्या घेतल्या. ती सगळी स्टुलांवरची पोरं आता मोठी झाली होती. त्यातली एक मुलगी पायऱ्यांपाशी पाण्यावर पालथी पडली आणि स्वतःशीच "खेच, सोड, तोंड वर" म्हणत निघाली. ती पहिल्याच झटक्यात पलीकडच्या काठाला पोचली. तिच्या आईने मला विचारलं, "बघितलंत? न शिकवता पोहतेय."